प्रमाणपत्रे ४.७७ कोटी, पगार किती जणांच्या हाती?

४ कोटी ७७ लाख. संगणक आणि इंटरनेट वापरता येतो असे प्रमाणपत्र ग्रामीण भारतातल्या एवढ्या लोकांना मिळाले आहे. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान, म्हणजे ‘पीएमजीदिशा’, फेब्रुवारी २०१७ मध्ये मंजूर झाले आणि ३१ मार्च २०२४ रोजी संपले. उद्दिष्ट ६ कोटी ग्रामीण कुटुंबांचे होते, प्रत्येक घरातून एक जण, वय १४ ते ६०. नोंदणी ७.३५ कोटी जणांची झाली, प्रशिक्षण ६.३९ कोटींनी घेतले, परीक्षेनंतर प्रमाणपत्र ४.७७ कोटींना मिळाले.

उद्दिष्टपूर्ती कुठल्या आकड्यावर मोजायची, यावर निकाल ठरतो. प्रशिक्षितांवर मोजली तर ती १०६.५ टक्के होते, प्रमाणपत्रांवर मोजली तर ७९.५ टक्के. दोन आकड्यांच्या मध्ये १.६२ कोटी माणसे आहेत. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १.२४ कोटी होती, त्याहून ही संख्या मोठी आहे. हे लोक वर्गात आले, पण परीक्षेच्या पलीकडे पोहोचले नाहीत.

अभ्यासक्रम २० तासांचा होता. प्रमाणपत्र मिळालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे प्रशिक्षण संस्थेला ३०० रुपये मिळत, म्हणजे तासाला १५ रुपये. वीस जणांची तुकडी धरली आणि सगळेच्या सगळे उत्तीर्ण झाले असे मानले, तरी तुकडीमागे ६,००० रुपये होतात. शिकवणाऱ्याचे मानधन, जागेचे भाडे, वीजबिल, इंटरनेट आणि संगणकांची दुरुस्ती एवढ्यातच भागवायची. वीस जणांना पाच संगणक असतील, तर एकाच्या वाट्याला प्रत्यक्ष कीबोर्ड येतो तो पाच तास. पाच तासांत माऊस धरणे, फोल्डर उघडणे, ईमेल पाठवणे, पैसे भरणे आणि सरकारी सेवा शोधणे बसवायचे होते. हे अभियान साक्षरतेचे होते, नोकरीचे आश्वासन त्यात नव्हते, त्यामुळे नोकऱ्या लागल्या नाहीत हा ठपका त्यावर ठेवता येत नाही. पण खेड्यातल्या मुलाला संगणकापर्यंत नेणारी सरकारी पायरी हीच होती, आणि ती २० तास उंचीची होती.

आता तरुणांना प्रत्यक्ष काय येते ते पाहू. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०२०-२१ मधल्या ७८ व्या फेरीच्या आकडेवारीवरून आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीच्या मानव विकास संस्थेने २०२४ च्या भारत रोजगार अहवालात तीन निष्कर्ष मांडले. ७५ टक्के तरुणांना फाइल जोडून ईमेल पाठवता येत नाही. ६० टक्क्यांना फाइल कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करता येत नाही. ९० टक्क्यांना स्प्रेडशीटमध्ये गणिती सूत्र घालता येत नाही. यातले शेवटचे वाक्य नोकरीच्या दृष्टीने सर्वांत जड आहे. दुकानाचा साठा, गोदामाची आवक-जावक, शाळेची हजेरी, पतसंस्थेचे हप्ते हे सगळे स्प्रेडशीटमध्ये चालते, आणि दहापैकी नऊ जणांना त्यात बेरीजही टाकता येत नाही.

यानंतरच्या सर्वेक्षणात चित्र पालटलेले दिसते. २०२२-२३ च्या ७९ व्या फेरीत १५ ते २४ वयोगटातल्या ७८.४ टक्के तरुणांना फाइल जोडून संदेश पाठवता येतो, ७१.२ टक्क्यांना कॉपी-पेस्ट येते. दोन वर्षांत २५ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर झेप गेली, असा अर्थ काढण्याआधी प्रश्नाचे शब्द वाचायला हवेत. आधीच्या फेरीत विचारले होते ईमेलबद्दल. नंतरच्या फेरीत विचारले संदेशाबद्दल, आणि त्यात ईमेलबरोबर मेसेजिंग सेवा आणि एसएमएसही धरले. म्हणजे व्हॉट्सॲपवर लग्नाचा फोटो पाठवणारा प्रत्येक जण ‘येते’ या रकान्यात बसला. वयोगटही १५ ते २९ ऐवजी १५ ते २४ झाला. त्याच फेरीत आणखी एक आकडा आहे, त्याची चर्चा कमी झाली. माहिती शोधणे, ईमेल पाठवणे आणि ऑनलाइन बँकिंग ही तिन्ही कामे करू शकणारे तरुण २६.८ टक्के आहेत. ईमेलची अट परत आली की आकडा पुन्हा चौथ्या हिश्श्याच्या आसपास येतो. माझ्या वाचनात दोन फेऱ्यांमधला खरा बदल एवढाच आहे.

संदेश आणि ईमेल यांतले अंतर किती, हे नोकरीच्या अर्जावरून दिसते. सरकारी बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएसचा अर्ज भरताना उमेदवाराला फोटो २० ते ५० केबीमध्ये द्यावा लागतो, सही १० ते २० केबीमध्ये, डाव्या अंगठ्याचा ठसा २० ते ५० केबीमध्ये आणि स्वहस्ते लिहिलेले घोषणापत्र ५० ते १०० केबीमध्ये. साध्या स्मार्टफोनने काढलेला फोटो दोन-तीन हजार केबीचा असतो. तो कापायचा, लहान करायचा, योग्य प्रकारात जतन करायचा, कुठे जतन केला ते लक्षात ठेवायचे आणि फॉर्मवरच्या बटणातून तिथपर्यंत पोहोचायचे, अशी पाच कामे झाली. व्हॉट्सॲपवर यांतली बहुतेक कामे वापरणाऱ्याला करावीच लागत नाहीत. म्हणून रोज शंभर फोटो पाठवणारा मुलगा अर्जाच्या दिवशी तालुक्याच्या गावी जातो, ई-सेवा केंद्रासमोर रांगेत उभा राहतो आणि दुसऱ्याकडून पैसे देऊन अर्ज भरून घेतो. पासवर्ड केंद्रचालकाच्या वहीत राहतो. प्रवेशपत्र काढायला पुन्हा त्याच केंद्रात जावे लागते.

या अंतराचे मूळ यंत्रात आहे. २०१७-१८ मध्ये देशातल्या १०.७ टक्के कुटुंबांकडे संगणक होता, शहरात २३.४ टक्के आणि खेड्यात ४.४ टक्के. इंटरनेट २३.८ टक्के घरांत पोहोचले होते. २०२५ च्या जानेवारी ते मार्चमधल्या सर्वेक्षणात इंटरनेट असलेल्या घरांचे प्रमाण ८६.३ टक्के झाले आणि किमान एक स्मार्टफोन असलेली घरे ८५.५ टक्के. सात वर्षांत इंटरनेट साडेतीन पटींहून अधिक पसरले. पसरले ते मोबाइलमधून. ‘प्रथम’ या संस्थेच्या असर २०२३ अहवालात २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांमधील १४ ते १८ वयाच्या ३४,७४५ मुलामुलींची पाहणी आहे, महाराष्ट्रातून त्यात नांदेड होता. जवळपास ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता, संगणक किंवा लॅपटॉप ९ टक्के घरांत. घरी संगणक असलेल्यांपैकी ८५ टक्क्यांना तो वापरता येत होता. घरी नसलेल्यांपैकी ३३.९ टक्क्यांना. ५१ टक्क्यांचा हा फरक बुद्धीचा नाही, हात बसण्याचा आहे. घरी यंत्र नसलेल्या ९१ टक्के मुलांना तो सराव शाळा, ग्रंथालय किंवा प्रशिक्षण केंद्रच देऊ शकते.

याच अहवालातला मुलींचा आकडा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. मुलगी फोन वापरते तो बहुधा वडिलांचा किंवा भावाचा, म्हणजे तो घरी असेल तेव्हा. नोकरीच्या मुलाखतीचा फोन दुपारी बारा वाजता येतो. त्या वेळी फोन भावाबरोबर असतो. अर्जावर नंबर भावाचा असतो, ओटीपीही त्याच्याच फोनवर येतो. मुलीने अभ्यासक्रम पहिल्या क्रमांकाने पूर्ण केला तरी या साखळीत तिचे स्वतःचे असे काही नसते. २०२०-२१ च्या सर्वेक्षणात १५ ते २९ वयाच्या ५१.७ टक्के तरुणी ना शिकत होत्या, ना काम करत होत्या, ना प्रशिक्षण घेत होत्या. तरुणांमध्ये हे प्रमाण १५.४ टक्के. तरुणींसाठीच्या कुठल्याही डिजिटल अभ्यासक्रमाचा खर्च मांडताना त्यात एक फोन आणि एक सिमकार्ड धरले पाहिजे. ते धरले नाही, तर उरलेला खर्च अर्धा वाया जातो.

असरमध्ये आणखी एक आकडा आहे, तो संगणकाचा नाही पण संगणकाच्या आड येतो. १४ ते १८ वयाच्या सुमारे २५ टक्के मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता येत नाही. इंग्रजी वाक्ये वाचू शकणारे ५७.३ टक्के आहेत, म्हणजे ४३ टक्के वाचू शकत नाहीत. मेनू इंग्रजीत, त्रुटीचा संदेश इंग्रजीत, अभ्यासक्रमाचे पुस्तक अर्धे इंग्रजीत. अशा विद्यार्थ्याला ‘डिजिटल कौशल्य’ शिकवणारा शिक्षक प्रत्यक्षात आधी वाचन शिकवत असतो. त्याच्या वेळापत्रकात त्यासाठी एकही तास नसतो.

साक्षरतेच्या पुढची पायरी कौशल्य प्रशिक्षणाची. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना, ‘पीएमकेव्हीवाय’, २०१५ मध्ये सुरू झाली. शिवणकामापासून किरकोळ विक्रीपर्यंत अनेक व्यवसाय तिच्यात आहेत, डेटा एंट्री ऑपरेटर हा त्यांतला एक. २०१५ ते २०२२ या काळातल्या तीन टप्प्यांवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल, म्हणजे कॅगचा अहवाल, डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यानुसार तीन टप्प्यांचा मंजूर खर्च सुमारे १४,४५० कोटी रुपये, उद्दिष्ट १.३२ कोटी जणांचे, प्रमाणपत्रे सुमारे १.१० कोटी. अल्पकालीन प्रशिक्षण आणि विशेष प्रकल्प यांतून प्रमाणपत्र मिळालेले ५६.१४ लाख, त्यांपैकी नोकरी लागलेले २३.१८ लाख, म्हणजे ४१ टक्के. सर्व १.१० कोटी प्रमाणपत्रांशी ताडले तर हा वाटा २१ टक्के होतो. उरलेल्यांत मोठा गट ‘आरपीएल’चा आहे. हातात आधीच असलेल्या कामाची ती परीक्षा घेऊन दिलेली पावती, नोकरी लावणे हे तिचे उद्दिष्टच नव्हते. मंजूर रकमेला प्रमाणपत्रांनी भागले तर एका प्रमाणपत्रामागे सुमारे १३,००० रुपये येतात. नोकरी लागलेल्यांनी भागले तर एका नोकरीमागे सुमारे ६२,००० रुपये.

खरी विचित्र गोष्ट अहवालाच्या आतल्या पानांत आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या ९५.९१ लाख सहभागींपैकी ९०.६६ लाखांच्या, म्हणजे ९४.५३ टक्क्यांच्या, बँक खात्याच्या रकान्यात शून्य होते, ‘लागू नाही’ होते किंवा रकाना रिकामा होता. ज्यांचे क्रमांक भरलेले होते त्यांतले ५२,३८१ सहभागी मिळून १२,१२२ खाते क्रमांक वापरत होते, एका क्रमांकावर सरासरी चार जण. काही ठिकाणी क्रमांक म्हणून एकच अंक ओळीने लिहिलेला होता. खात्यांचा पडताळा आता आधार जोडणीतून होतो, असे मंत्रालयाचे म्हणणे आहे. कॅगने लाभार्थ्यांना ईमेल पाठवून विचारणाही केली. ३६.५१ टक्के ईमेल पोहोचलेच नाहीत. उत्तरे आली १७१, त्यांपैकी १३१ एकाच ईमेल पत्त्यावरून किंवा प्रशिक्षण संस्था आणि केंद्रांच्याच पत्त्यांवरून आलेली होती. राहिली ४०.

बँक खाते हा कारकुनी तपशील नाही. विद्यार्थ्याला योजनेतली रक्कम थेट मिळते ती याच खात्यात, आणि पुढे पगार मिळाला की नाही हे ताडून पाहायचे तर तेही इथूनच. ९४ टक्के रकाने निकामी असतील तर नोकरीचा ४१ टक्के हा आकडाही बाहेरून तपासता येत नाही. आता तर तो आकडा येणेच थांबले आहे. सध्याच्या चौथ्या टप्प्यात नोकरी लागल्याची नोंद पूर्वीसारखी ठेवली जात नाही. प्रशिक्षितांना स्वतःचा मार्ग निवडण्याइतके सक्षम करणे हा आता भर आहे, असे मंत्रालयाने संसदेत सांगितले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कौशल्य भारत कार्यक्रमासाठी २०२६ पर्यंत ८,८०० कोटी रुपये मंजूर केले, त्यांतले ६,००० कोटी या चौथ्या टप्प्याचे. माझ्या मते हा निर्णय चुकीचा आहे. नोकरीसाठी घेतलेल्या प्रशिक्षणात नोकरीचीच मोजणी सोडून दिली, तर ६,००० कोटींचा हिशेब फक्त हजेरीपटाने मांडावा लागेल.

मोजणी शक्य आहे, याचा पुरावा सरकारच्याच दुसऱ्या योजनेत आहे. ग्रामविकास मंत्रालयाची दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना गरीब ग्रामीण तरुणांसाठी आहे. तिच्यात ५० टक्के जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी, १५ टक्के अल्पसंख्याकांसाठी आणि एकूण जागांपैकी ३३ टक्के महिलांसाठी राखीव असतात. म्हणजे तिचे विद्यार्थी सोपे नाहीत. २०१४-१५ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत तिने १६.९० लाख जणांना प्रशिक्षण दिले आणि १०.९७ लाखांना नोकरी लावली, प्रमाण ६५ टक्के. दोन्ही योजनांचे व्यवसाय, काळ आणि छेद वेगळे आहेत, त्यामुळे ६५ विरुद्ध ४१ ही सरळ स्पर्धा नव्हे. पण एक फरक रचनेतला आहे. ग्रामीण कौशल्य योजनेत किमान ७० टक्के विद्यार्थ्यांना नोकरी लावण्याची अट संस्थेवर आहे, आणि नोकरी ‘लागली’ असे म्हणायला तीन महिने टिकलेले वेतन दाखवावे लागते.

टिकण्याचा प्रश्न लागण्याइतकाच मोठा आहे. याच योजनेवर बिहार आणि झारखंडमध्ये एक नियंत्रित प्रयोग झाला. काही तुकड्यांना प्रशिक्षणादरम्यान दोन जादा सत्रांत पुढच्या नोकरीची खरी माहिती दिली गेली. काम कुठे, पगार किती, राहण्या-खाण्याचे काय. अशा तुकड्यांतले विद्यार्थी मिळालेल्या नोकरीत टिकण्याचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी जास्त निघाले. पाटण्याहून चेन्नईला जाऊन बारा तासांची पाळी करायची आहे हे आधी कळले, तर ज्यांना जमणार नाही ते आधीच थांबतात आणि जे जातात ते राहतात. दोन सत्रांचा खर्च एका प्रमाणपत्राच्या छपाईपेक्षा फार जास्त नसावा. आणखी एक मोजपट्टी हाताशी ठेवावी. जागतिक बँकेचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये विकसनशील देशांतल्या अशा प्रशिक्षणांच्या काटेकोर चाचण्या एकत्र तपासल्या. प्रशिक्षणामुळे रोजगारात पडलेली निव्वळ भर सरासरी २ टक्क्यांच्या थोडी वर निघाली. म्हणजे प्रशिक्षण घेतलेल्या शंभरातल्या चाळिसांना नोकरी लागली, तरी त्यांतल्या बहुतेकांना ती प्रशिक्षणाविनाही लागली असती. म्हणून नुसते ‘इतके टक्के लागले’ पुरत नाही. शेजारच्या, प्रशिक्षण न घेतलेल्या मुलांचे काय झाले तेही लागते.

महाराष्ट्राकडे या विषयातला जुना अनुभव आहे. एमएस-सीआयटी २००१ मध्ये सुरू झाली आणि राज्य सरकारच्या नोकरीसाठी ती किंवा तत्सम संगणक प्रमाणपत्र लागू लागले, तेव्हापासून तालुक्या-तालुक्यांत संगणक केंद्रांचे फलक दिसू लागले. तेवढ्याच लोकांना माहीत असलेली दुसरी परीक्षा संगणक टंकलेखनाची, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची. लिपिक-टंकलेखक पदाला मराठीचा मिनिटाला ३० शब्दांचा किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग लागतो. या दोन परीक्षांमधला फरक मला महत्त्वाचा वाटतो. पहिली सांगते, संगणकाची ओळख झाली. दुसरी सांगते, हा माणूस मिनिटाला ३० शब्द टाइप करतो. ते खोटे असेल तर दहा मिनिटांत कळते. कार्यालयाला, दुकानाला, दवाखान्याला या दुसऱ्या प्रकारचे वाक्य हवे असते. अमुक वेगाने बिल करता येते, अमुक चुकांच्या आत नोंदी भरता येतात, आलेल्या ईमेलला दोन ओळींचे नीट उत्तर लिहिता येते.

अशा प्रशिक्षणाला पोहोचणारे अजून थोडे आहेत. आवर्ती श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये १५ ते २९ वयाच्या ४.९ टक्के तरुणांनी औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण घेतले होते, आदल्या वर्षी ४.४ टक्क्यांनी. अनौपचारिक मार्गाने, म्हणजे घरच्या धंद्यात किंवा कामावर पाहून शिकलेल्यांचे प्रमाण १६.६ वरून २१.२ टक्के झाले. वर्गात शिकणाऱ्यांत अर्ध्या टक्क्याची वाढ, काम करत शिकणाऱ्यांत साडेचार टक्क्यांची. त्याच वर्षात तरुणांमधली बेरोजगारी १०.० वरून १०.२ टक्के झाली. भारत रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांत ३.४ टक्के. निरक्षराला बेकार बसणे परवडत नाही, मिळेल ते काम तो घेतो. पदवीधर थांबतो, कारण पदवीसाठी घरच्यांनी काही विकलेले असते. डिजिटल अभ्यासक्रमांच्या जाहिराती याच थांबलेल्या मुलांसाठी असतात.

त्यामुळे ज्यांच्या घरातला मुलगा किंवा मुलगी येत्या जूनमध्ये अशा एखाद्या केंद्रात नाव घालणार आहे, त्यांना एक विनंती. फी विचारण्याआधी चार प्रश्न विचारा. एका विद्यार्थ्याला स्वतंत्र संगणक किती तास मिळतो? मागच्या तुकडीतल्या किती जणांना नोकरी लागली आणि त्यांतले किती जण चौथ्या महिन्यात तिथेच पगार घेत आहेत? त्यांतल्या दोघांशी फोनवर बोलता येईल का? अर्जावर मुलीचा स्वतःचा नंबर असेल का? ज्या केंद्राकडे या प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिलेली आहेत, तिथेच नाव घाला.